बारावा तास

गोत्री एकेकाळी बडोद्याबाहेरचं गाव होतं. शहर वाढत आलं, गावात मोठं सरकारी रुग्णालय झालं, उंच इमारती झाल्या. तरी जुन्या वस्तीतल्या परसात शेळ्या राहिल्या. या भागाची नावाजलेली जात सुरती: पांढरी, अंगाने लहान, दुधाला चांगली, बांधूनही पाळता येणारी. पुढचा घटनाक्रम कुठल्या एका शेळीचा नाही. वार अडकली की शेळीच्या शरीरात काय होतं आणि भोवतालची माणसं कशी वागतात, ते जोडून तो मांडला आहे. घर मराठी, परस गोत्रीतलं, दिवस पावसाळ्याचे.

पहिला दिवस, पहाटे ४ : ८१ तास बाकी

पहिलं करडू सुखरूप आलं, पाट आहे. दुसऱ्याचा पाय मागे दुमडलाय. सासूबाई हात घालून तो सरळ करतात आणि कळेबरोबर ओढतात. बोकड बाहेर येतो, शिंकतो, शेळी त्याला चाटू लागते. हात धुवायचं अंधारात, घाईत कुणाला सुचत नाही.

पहाटे ५ : ८० तास बाकी

सून दोन्ही करडांना सडाला लावते. चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं करडाच्या आतड्यातून थेट रक्तात जातात, पण ती वाट जेमतेम २४ तास उघडी असते. या घरात वेळेवर झालेलं हे एक काम.

सकाळी ८ : ७७ तास बाकी

शेळीच्या मागे लालसर-करडा पट्टा लोंबतोय. निरोगी शेळीची वार बहुधा एव्हाना पडलेली असते. गर्भाशयाच्या आतून शंभराच्या आसपास बटणांसारखे उंचवटे असतात आणि वार त्यांना धरून असते. व्याल्यावर गर्भाशय आकसतं, रक्तपुरवठा कमी होतो, एकेक बटण सुटतं. वीण अवघड गेली, अंगात कॅल्शियम किंवा सेलेनियम कमी पडलं, किंवा आधीपासूनच आत संसर्ग असला, तर ती सुटत नाहीत.

दुपारी १२ : ७३ तास बाकी

बांबूचा पाला घालून झाला, ओवा-गूळही झाला. शेजारचे काका कुंपणावरून डोकावतात. "म्हशीला आख्खा दिवस लागतो, हिची काय घाई?" बडोदा-आणंद हा म्हशींचा आणि दूध मंडळ्यांचा मुलूख, तेव्हा सगळ्यांच्या डोक्यातलं घड्याळही म्हशीचंच. ही शेळी मात्र तीसेक किलोची. तिच्याजवळ म्हशीइतकी सवड नाही.

दुपारी ४ : ६९ तास बाकी

बारा तास भरले. शेळीची वार इतक्या वेळात पडली नाही तर पशुवैद्यकात ती 'अडकली' असं धरतात. फोन करायचा तो आत्ता. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक गुजरातेत चालतो, महाराष्ट्रातही. या घडीला डॉक्टरच्या हाती उपाय आहेत: गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन अजून लागू पडतं, कॅल्शियम देता येतं, प्रतिजैविकं पूर्ण मात्रेत सुरू करता येतात. हात घालून वार सोडवायला डॉक्टर जात नाही. शेळीचा मार्ग अरुंद, आणि ओढाताणीत आतले उंचवटे सोलून निघतात.

सून फोन उचलते. "बकरीसाठी या पावसात कोण येतंय?" नवरा म्हणतो. सासूबाई दुजोरा देतात, "रात्रीतून पडेल गं, सकाळी बघू." दोघांचंही बोलणं त्या वेळी पटण्यासारखंच असतं.

रात्री ९ : ६४ तास बाकी

लोंबत्या वारेला जुनी चप्पल बांधली, ओझ्याने खाली येईल म्हणून. आली नाही. मग फडक्याने धरून ओढली. हातभर तुकडा हातात आला, पाठोपाठ थोडं रक्त. "सुटली बाई एकदाची!" घर निर्धास्त होऊन झोपतं.

वार सुटलेली नाही, तुटली आहे. उरलेली आत आहे, शेजारचे उंचवटे रक्ताळले आहेत आणि बाहेरून दिसणारी एकुलती एक खूणही गेली. आता सांगितल्याशिवाय कुणाला काही कळणार नाही.

दुसरा दिवस, सकाळी ८ : ५३ तास बाकी

शेळी बाजरी हुंगून सोडते, लिंबाचा पाला अर्धाच खाते. "बाळंतीण आहे, थकलीय." गर्भाशयाचं तोंड मिटत चाललंय. ऑक्सिटोसिनचा उपयोग तासागणिक ओसरतोय. आत ऊब, ओल आणि कुजणारा तुकडा आहे. जंतूंना आणखी काही लागत नाही.

रात्री ८ : ४१ तास बाकी

आधी वास येतो. मग शेपटीखाली केसांना चिकटलेला तपकिरी, पाण्यासारखा स्राव आणि त्यावरच्या माश्या दिसतात. शेळीचं नेहमीचं तापमान १०१.५ ते १०३.५ अंश फॅरनहाइट. आत्ता मोजलं असतं तर पारा १०५च्या वर गेला असता. थर्मामीटर घरात आहे, पण तो माणसांचा म्हणून कपाटातच राहतो. करडं एकसारखी ओरडतायत. कास सैल पडलीय, दूध आटतंय.

तिसरा दिवस, सकाळी ८ : २९ तास बाकी

मागच्या वर्षीच्या बाटलीत प्रतिजैविक उरलंय. अंदाजाने एक इंजेक्शन दिलं जातं, एकदाच. शेळीचं खाणं बंद आहे आणि दोन करडं आचळ सोडत नाहीत. शरीर साठवलेली चरबी जाळू लागतं, यकृतावर भार येतो, श्वासाला गोडसर वास येतो. गर्भाशयाच्या सुजेवर आता कीटोसिसची भर पडली.

संध्याकाळी ६ : १९ तास बाकी

कान गार लागतात. "ताप उतरला!" गेल्या दोन दिवसांतली ही पहिली चांगली बातमी, आणि नेमकी तीच खोटी. तापमान १०० अंशांच्या खाली उतरलंय, कारण जंतूंचं विष रक्तात पसरलंय आणि रक्ताभिसरण ढासळतंय. बरी होणारी शेळी ताप उतरल्यावर चारा मागते. ही मान कुशीला वळवून बसलीय, रवंथ नाही.

चौथा दिवस, सकाळी ६ : ७ तास बाकी

डॉक्टर येतात. ओठ उलटून हिरड्या पाहतात. त्या विटकरी-जांभळ्या झाल्यात.

"वार कधी पडली?"

"आम्हीच काढली, पहिल्या रात्री."

"पुरी आली होती?"

कुणी बोलत नाही. शिरेतून सलाइन, ग्लुकोज, प्रतिजैविक. डॉक्टर हातचं राखत नाहीत, आशाही दाखवत नाहीत.

दुपारी १

शेळी जाते.

त्यानंतर

करडं वाचतात, कारण चीक वेळेवर मिळाला होता. आता दिवसातून चार-पाच वेळा कोमट दूध बाटलीने पाजायचं. शेळी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची. वारेचा तुकडाही तसाच, कुत्र्याच्या तोंडी जाता कामा नये.

हिशेब इथे संपत नाही. वार उघड्या हातांनी ओढली होती. शेळ्यांचं गाभडणं आणि वार अडकणं यामागे कधी कधी ब्रुसेला जंतू असतो. डेव्हिड ब्रूस यांनी तो १८८७ मध्ये माल्टात सैनिकांच्या तापातून शोधला. तो शेळीच्या दुधातून माणसात येतो, हे १९०५ मध्ये कळलं. वारेतून आणि स्रावातूनही तो येतो. चढ-उताराचा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी असं काही पुढच्या आठवड्यांत, क्वचित महिन्यांनी, घरात कुणाला झालं, तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं की घरी शेळी व्याली होती. विणीला हातमोजे घालावेत, गरोदर बाईने तिथे जाऊच नये, दूध उकळूनच प्यावं.

८१ तासांपैकी निकाल लागला तो दुपारी ४ ते रात्री ९ या पाच तासांत. पुढचं सगळं त्याचं फळ. म्हणून व्यायची वेळ भिंतीवर खडूने लिहावी आणि तिच्यात बारा मिळवून दुसरी वेळ शेजारी लिहावी. त्या वेळेपर्यंत वार डोळ्यांनी पडलेली पाहिली नाही, तर ओढायचं नाही, काही बांधायचं नाही, फोन करायचा. शेळीने वार खाल्ली असेल असं वाटलं तरीही फोन करायचा. डॉक्टर येऊन 'सगळं ठीक आहे' म्हणाले, तर फेरी फुकट गेली असं समजू नये.