उलटा दंतमेळ : उपचारांचा इतिहास

तोंड मिटले असता वरची दंतपंक्ती खालच्या दंतपंक्तीच्या किंचित बाहेर राहते. पुढचे वरचे दात खालच्या दातांना थोडे झाकतात व वरच्या दाढांचे गालाकडील उंचवटे खालच्या दाढांच्या बाहेर येतात. एका किंवा अनेक दातांच्या बाबतीत हा संबंध उलटा झाल्यास त्यास ‘उलटा दंतमेळ’ म्हणतात. दंतवैद्यांत ‘क्रॉसबाइट’ ही संज्ञा रूढ आहे. पुढच्या दातांतील तो अग्र व दाढांतील तो पश्च, असे याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. दुधाचा दात वेळेवर न पडल्यामुळे कायमचा दात भलत्या जागी उगवणे, वरचा जबडा अरुंद असणे, दोन जबड्यांच्या वाढीत मेळ नसणे, तसेच दीर्घकाळ अंगठा चोखण्याची सवय ही याची काही कारणे होत. दाढा नीट जुळत नसल्याने मूल चावताना खालचा जबडा एका बाजूस सरकवू लागते. वाढीच्या वयात हे दीर्घकाळ चालू राहिल्यास चेहरा असमान होण्याचा संभव असतो.

या दोषावरील उपचारांचा आरंभ साध्या हस्तक्रियेने झाला. इ. स. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस यांनी अडून बसलेला दुधाचा दात काढून टाकावा व नवा दात रोज बोटाने दाबून योग्य जागी आणावा, असा सल्ला दिला आहे. फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार यांच्या १७२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात धातूची भोके पाडलेली पट्टी दोऱ्याने दातांस बांधून त्यांना ओढून घेण्याची पद्धत वर्णिली आहे. १८०३ मध्ये इंग्लंडमधील जोसेफ फॉक्स यांनी दाढांवर हस्तिदंती ठोकळे बसविण्याची युक्ती मांडली. त्यामुळे तोंड पूर्ण मिटत नसे आणि आत अडकलेल्या वरच्या दातास बाहेर येण्यास वाट मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधील कातालां यांनी खालच्या दातांवर उतरते प्रतल बसविले. प्रत्येक चाव्यासरशी वरचा दात त्या उतारावरून बाहेर ढकलला जाई. अग्र प्रकारात, विशेषतः लहान मुलांत, हे तत्त्व आजही वापरले जाते.

वरचा जबडाच अरुंद असेल, तर केवळ दात हलवून भागत नाही. या प्रश्नाचे मूलगामी उत्तर सॅन फ्रान्सिस्को येथील इमर्सन एंजेल यांनी १८६० मध्ये दिले. सुमारे १४ वर्षांच्या एका मुलीच्या टाळूवर त्यांनी आडवा स्क्रू बसविला. त्याच्या दोन टोकांस परस्परविरुद्ध दिशांचे आटे होते. रुग्णाने स्वतः किल्लीने तो फिरवावयाचा होता. दोन आठवड्यांत वरच्या मधल्या दोन दातांमध्ये फट दिसू लागली. टाळूच्या मध्यभागी जेथे जबड्याची दोन हाडे जुळतात ती सीवनी उघडल्याचे हे चिन्ह आहे, असे एंजेल यांनी ‘डेंटल कॉसमॉस’ या नियतकालिकात प्रतिपादन केले. परंतु संपादक मॅक्क्विलन यांनीच त्याविषयी शंका व्यक्त केली. चेहऱ्याची हाडे परस्परांत घट्ट गुंतलेली असताना ती अशी विलग होणे अशक्यप्राय मानले गेले. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा असल्याने एंजेल यांच्यापाशी फटीवाचून दुसरा पुरावा नव्हता.

पुढे १८८१ मध्ये लंडन येथील आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत वॉल्टर कॉफिन यांनी पियानोच्या तारेपासून केलेली स्प्रिंग मांडली. तिने टाळू हळूहळू रुंदावत असे. मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत एडवर्ड अँगल यांच्या विचारसरणीचा प्रभाव वाढला. दात योग्य जागी आणले की चर्वणाच्या क्रियेने हाड आपोआप वाढेल, अशी तीत श्रद्धा होती. त्यामुळे सीवनी उघडण्याची पद्धत तेथे जवळजवळ विस्मृतीत गेली. यूरोपात मात्र ती काही प्रमाणात टिकून राहिली.

तिचे पुनरुज्जीवन अँड्र्यू हास यांनी केले. इलिनॉय विद्यापीठात त्यांनी डुकरांवर प्रयोग केले व नंतर रुग्णांवरील अनुभवासह १९६१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्ष-किरण चित्रांत सीवनी पाचरीच्या आकारात उघडलेली स्पष्ट दिसली आणि एंजेल यांचे म्हणणे शंभर वर्षांनी खरे ठरले. या पद्धतीत दाढा व उपदाढांवर पक्के बसविलेल्या उपकरणातील स्क्रू सामान्यतः दिवसातून दोनदा पाव फेरा फिरवितात. प्रत्येक वेळी सुमारे ०.२५ मिमी. रुंदी वाढते. दोन-तीन आठवड्यांत अपेक्षित रुंदी मिळाल्यावर नवे हाड तयार होईपर्यंत काही महिने उपकरण तसेच ठेवावे लागते. पुढच्या दातांतील फट बहुधा आपोआप मिटते. १९७५ मध्ये रॉबर्ट रिकेट्स यांनी चार वेटोळ्यांचे तारेचे उपकरण वर्णिले. ते मंद गतीने काम करते व मुलांस सोईचे पडते.

उपचारांची खरी मर्यादा वयाची आहे. बिर्टे मेलसेन यांच्या १९७५ मधील ऊतकपरीक्षणातून असे दिसले, की बालपणी सरळ असणारी सीवनी पौगंडावस्थेत करवतीच्या दात्यांप्रमाणे गुंतत जाते. पेर्सोन व थिलांडर यांच्या १९७७ मधील अभ्यासात १५ वर्षांच्या मुलीत ती सांधू लागलेली, तर २७ वर्षांच्या स्त्रीत अद्याप मोकळी आढळली. म्हणजे केवळ वयावरून निर्णय करता येत नाही. सीवनी सांधलेल्या प्रौढात स्क्रूचा जोर दातांवरच पडतो. ते बाहेर कलतात व हिरड्यांना इजा पोहोचते. अशा रुग्णांत हाड शस्त्रक्रियेने सैल करून मग स्क्रू वापरण्याचा मार्ग ब्राउन यांनी १९३८ मध्ये दाखविला होता. २०१० नंतर टाळूच्या हाडात छोटे स्क्रू रोवून थेट हाडावर जोर देण्याची पद्धत प्रचारात आली. तिच्यामुळे काही तरुण रुग्णांची शस्त्रक्रिया टळू शकते. २०१३ पासून संगणकीय त्रिमितीय क्ष-किरण चित्रांवरून सीवनीच्या पक्वतेचे टप्पे ठरविता येऊ लागले.

उपकरणे बदलली, तरी दोष दुधाच्या दातांच्या किंवा मिश्र दंतपंक्तीच्या काळातच ओळखला गेल्यास उपचार सोपा व अल्पखर्चिक ठरतो, हे या इतिहासातून स्पष्ट होते. ज्या दोषासाठी पंचविशीनंतर अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते, तो आठ-नऊ वर्षांच्या मुलात बहुधा साध्या स्क्रूने किंवा तारेने दुरुस्त होऊ शकतो.