चुकलेली पाळी

दौंड आणि शिरूर या तालुक्यांतील बागायतदारांस ‘आवर्तन’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाहीं. दौंडकडे खडकवासल्याचा कालवा येतो; शिरूरच्या कांहीं भागास चासकमान व घोड या धरणांचें पाणी मिळतें. पाटाला पाणी सुटलें कीं ज्याची पाळी असेल त्यानें दारें धरण्यास हजर राहावें, हा शिरस्ता. शेतकरी घटकाभर उशिरा आला तर त्याचें नुकसान घटकेपुरतें राहत नाहीं. पाणी पुढें गेलेलें असतें, आणि पुढील पाळीची वाट पाहत बसणें त्याच्या नशिबीं येतें. थोडक्या उशिराची ही जबर शिक्षा ध्यानांत ठेवली, म्हणजे संगणकाच्या इतिहासांतील एक विस्मृतप्राय प्रकरण समजण्यास सोपें जातें. तें प्रकरण म्हणजे पहिल्या वैयक्तिक संगणकांच्या हार्ड डिस्कची गति साधण्याचें.

आय. बी. एम. कंपनीचा पहिला वैयक्तिक संगणक १९८१ सालीं निघाला, तेव्हां त्यांत हार्ड डिस्क नव्हती. ती १९८३ च्या मार्चमध्यें ‘एक्सटी’ या यंत्राबरोबर आली. तिची सांठवण अवघी १० मेगाबाइट. चुंबकीय लेप दिलेल्या तिच्या चकत्या मिनिटास ३६००, म्हणजे सेकंदास ६० फेरे घेत. चकतीवरील प्रत्येक वर्तुळाकार मार्गाचे, म्हणजे ट्रॅकचे, १७ खण पाडलेले असत व प्रत्येक खणांत ५१२ अक्षरें मावत. ट्रॅक वाचला जात असतां वाचणारें डोकें आपल्या जागीं स्थिर राही, आणि खण त्याच्याखालून पाटांतील पाण्यासारखे वाहत जात.

अडचण चकतीची नव्हती. ती घेणाऱ्याची होती. एक खण वाचून झाला कीं कंट्रोलर त्यांतील मजकूर बिनचूक आहे कीं नाहीं हें तपाशी आणि मग तो संगणकाच्या स्मृतींत पोंचवी. तेवढ्या अवकाशांत पुढचे कांहीं खण डोक्याखालून निघून जात. खणांस ओळीनें १, २, ३ असे क्रमांक घातले असते, तर पहिल्याच्या कामांतून मोकळें होईपर्यंत दुसरा गेलेला असे, आणि त्यासाठीं सबंध फेरा थांबणें आलें.

यावरील उपाय जुना होता. १९५० नंतरच्या दशकांतील ‘आय. बी. एम. ६५०’ या यंत्राची स्मृति फिरत्या पिंपावर असे. त्याच्या प्रत्येक आज्ञेंत पुढच्या आज्ञेचा पत्ता लिहिलेला असे. आणि ती आज्ञा हवी त्याच क्षणीं डोक्याखालीं येईल अशा जागीं ठेवणें, यांत प्रोग्राम लिहिणाराचें कौशल्य दिसे. तोच विचार हार्ड डिस्कवर आला. क्रमांक ओळीनें न घालतां मध्यें खण सोडून घालावयाचे. यास इंटरलीव्ह म्हणत. एक्सटीमध्यें हें प्रमाण ६ होतें. पहिल्या खणास १, सातव्यास २, तेराव्यास ३, आणि पुढें वळसा घालून असेंच. सबंध ट्रॅक वाचावयास सहा फेरे, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग लागे. १९८४ सालच्या ‘एटी’ यंत्रांत हें प्रमाण ३ वर आलें.

परंतु कारखान्यानें घातलेला आंकडा प्रत्येक यंत्रास सारखाच योग्य कसा असेल? समजा, एखाद्या यंत्रास ४ चें प्रमाण झेपतें. तें ६ वर ठेवलें तर ट्रॅकला सेकंदाचा दहावा भाग लागतो. ४ वर आणलें तर पंधरावा. हा लाभ पाहून कोणी लोभानें तें ३ वर नेलें, तर प्रत्येक खण अगदीं थोडक्यानें हुकतो, दर खणामागें पुरा फेरा वायां जातो, आणि तोच ट्रॅक वाचावयास सेकंदाचा तिसरा भाग लागतो. सुस्तीनें वेळ दीडपट होई, तर लोभानें पांचपट! कारखानदार सावध राहिले यांत नवल नाहीं. मात्र त्या सावधगिरीचें मोल यंत्रापुढें रोज वाट पाहणारा माणूस भरीत असे.

आपल्याकडे १९८४ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें नवें संगणक-धोरण जाहीर करून आयातीवरील बंधनें सैल केलीं, व पुढें हीं यंत्रें कचेऱ्यांतून अधिक दिसूं लागलीं. यंत्र महाग, तेव्हां आहे त्यांतूनच अधिक काम काढणें भाग होतें. पण प्रमाण बदलावयाचें म्हणजे चकती मुळापासून नव्यानें आंखावी लागे. अनेक कंट्रोलरांवर त्यासाठीं ‘डीबग’ या प्रोग्रामांत ‘जी=सी८००:५’ एवढा मंत्र पुरे; परंतु त्यानें चकतीवरील सारा हिशेब पुसला जाई. १० मेगाबाइटांची नक्कल ठेवावयास ३६० किलोबाइटांच्या सुमारें ३० फ्लॉप्या लागत, आणि त्यांतील एक जरी नादुरुस्त निघाली तरी वर्षाच्या जमाखर्चास खिंडार पडे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेंतील स्टीव्ह गिब्सन यांचा ‘स्पिनराइट’ हा प्रोग्राम आला. तो निरनिराळीं प्रमाणें तपासून सर्वांत लाभाचें कोणतें तें सांगे, आणि मजकूर राखून एकेक ट्रॅक नव्यानें मांडी. पुष्कळांस आपल्या यंत्राचें खरें बळ त्यामुळें प्रथमच कळलें.

ही विद्या फार काळ टिकली नाहीं. १९९० च्या सुमारास कंट्रोलर डिस्कच्याच अंगावर बसूं लागला, सबंध ट्रॅक एका दमांत घेऊन ठेवण्याइतकी स्मृति त्याजवळ आली, आणि प्रमाण १ वर स्थिरावलें. आज पुष्कळ संगणकांत फिरती चकतीच उरलेली नाहीं.

तरीहि या प्रकरणापासून घेण्यासारखें कांहीं आहे, असें आम्हांस वाटतें. चकती पहिल्यापासून सेकंदास साठ फेरेच घेत होती. विलंब होता तो देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मेळ न बसल्याचा. ज्यांनीं मोजून पाहिलें त्यांस तो सांपडला. ज्यांनीं मोजलें नाहीं ते चकतीस बोल लावीत राहिले. कालव्याच्या शेवटीं ज्याचें शेत आहे असा शेतकरी पाणी कमी आलें म्हणून लगेच धरणास दोष देत नाहीं. कोणाचें दार उघडें राहिलें, कोणाची पाळी हुकली, हें पाहावयास तो आधीं पाटाच्या कडेनें वर चालत जातो.