परिवीक्षा : अनुग्रहाकडून न्यायाकडे

दोषी ठरलेल्या माणसास तुरुंगात न धाडता, काही अटींवर व देखरेखीखाली समाजातच राहू देणे, यास कायद्याच्या परिभाषेत परिवीक्षा म्हणतात. अमेरिकेत हिचा उगम कोणा कायदेपंडिताच्या ग्रंथात नसून बूट बनविणाऱ्या एका कारागिराच्या कनवाळूपणात आहे. १८४१ साली बॉस्टनच्या पोलीस-कोर्टात जॉन ऑगस्टस याने एका मद्यपी आरोपीस जामीन राहून सोडवून नेले. तीन आठवड्यांनी तो इसम सुधारून कोर्टापुढे उभा राहिला, तेव्हा न्यायाधीशाने त्यास कोर्टखर्चासह केवळ एक सेंट दंड केला. पुढे १८७८ साली मॅसॅच्यूसेट्स राज्याने या कामी पगारी अधिकारी नेमण्याचा कायदा केला. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांस मात्र हा अधिकार १९२५ सालीच मिळाला. कारण शिक्षा बेमुदत तहकूब ठेवण्याचा अंगभूत अधिकार न्यायाधीशांस नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१६ साली दिला होता.

परंतु दिलेली सवलत परत घ्यावी कशी? आमच्या मते या इतिहासाचे मर्म याच प्रश्नात आहे. १९३५ साली न्यायमूर्ती कार्डोझो यांनी परिवीक्षा हा अनुग्रह आहे, घटनादत्त हक्क नव्हे, असे म्हटले. तथापि कायद्याचा आदेश डावलून, कोर्टापुढे न आणता कोणास थेट तुरुंगात धाडता येणार नाही, असाही निर्वाळा दिला. १९७३ च्या गॅग्नन खटल्यात अशी सुनावणी घटनेनेच आवश्यक ठरली. १९८३ साली बेअर्डन खटल्यात आणखी एक पाऊल पडले. नोकरी गेल्यामुळे दंडाची बाकी भरू न शकलेल्या, धड वाचताही न येणाऱ्या एका इसमाची परिवीक्षा रद्द झाली होती. त्याने पैसे भरण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला होता की नाही, हे न पाहता केवळ दारिद्र्यापायी त्यास कारावास देणे अन्याय्य होय, असे न्यायालयाने ठरविले.

आपल्याकडील १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या ९ व्या कलमातही हेच धोरण दिसते. अटभंग झाल्यास न्यायालयाने प्रथम प्रकरण ऐकून घ्यावयाचे. मग मूळ गुन्ह्याची शिक्षा द्यावी, अथवा पहिलाच भंग असल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवावे.

दया दाखविणे हे थोर मनाचे लक्षण खरे. पण दाखविलेली दया काढून घेताना समोरच्याचे म्हणणे ऐकून घेणे, हीच न्यायाची खरी कसोटी होय, असे आम्हांस वाटते.