सेंच्युरियन कार्ड (निमंत्रणाधीन पत-कार्ड)

सेंच्युरियन कार्ड : अमेरिकन एक्सप्रेस या अमेरिकी वित्तसंस्थेने १९९९ मध्ये प्रचारात आणलेले आणि सामान्यतः संस्थेने स्वतःहून निमंत्रण दिल्यासच मिळणारे देयक-कार्ड. रंगावरून ते बोलण्यात ‘ब्लॅक कार्ड’ म्हणून ओळखले जाते. प्राचीन रोमन सैन्यातील तुकडीनायकाचे शिरस्त्राणधारी चित्र या संस्थेच्या कार्डांवर आधीपासून होते. त्या नायकाच्या पदनामावरून कार्डाचे नाव पडले. व्यवहारात त्याला क्रेडिट कार्ड म्हणत असले, तरी त्याचे मूळ स्वरूप चार्ज कार्डाचे आहे. क्रेडिट कार्डाला खर्चाची मर्यादा आधी ठरवून दिलेली असते आणि थकबाकी व्याजासह पुढे ओढता येते. चार्ज कार्डाला अशी पूर्वनिश्चित मर्यादा नसते, मात्र महिन्याचे बिल एकरकमी चुकते करावे लागते. पूर्वनिश्चित मर्यादा नाही याचा अर्थ मर्यादाच नाही असा नव्हे. प्रत्येक मोठ्या व्यवहाराच्या वेळी धारकाची मागील उलाढाल आणि परतफेड पाहून मंजुरी दिली वा रोखली जाते.

पूर्वपीठिका : अमेरिकन एक्सप्रेस १८५० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफलो येथे मालाची व मौल्यवान टपालाची ने-आण करणारी कंपनी म्हणून स्थापन झाली. १८९१ मध्ये तिने प्रवासी धनादेश काढले आणि परगावी, परमुलखी खिशात रोकड न बाळगता पत चालवण्याची सोय करून दिली. डायनर्स क्लबने १९५० मध्ये उपाहारगृहांच्या बिलांसाठी कार्ड सुरू केल्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १९५८ मध्ये, अमेरिकन एक्सप्रेसचे कार्ड आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरी सुमारे ६०,००० कार्डे, कोणी मागितलेली नसताना, टपालाने घरोघर पाठवली. या सरसकट वाटपाचे अनुकरण इतर बँकांनी केले, बुडीत रकमा आणि फसवणुकीचे प्रकार वाढले आणि अखेर १९७० मध्ये अमेरिकेत न मागितलेली क्रेडिट कार्डे पाठवण्यास कायद्याने बंदी आली. निमंत्रणाधीन कार्डाचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. दोन्ही प्रकारांत पुढाकार देणाऱ्याचाच असतो; फरक इतकाच की एकात तो सर्वांकडे जातो आणि दुसऱ्यात मोजक्यांकडे.

अमेरिकन एक्सप्रेसने १९६६ मध्ये सोनेरी आणि १९८४ मध्ये प्लॅटिनम कार्ड काढले. प्लॅटिनमही प्रारंभी निमंत्रणानेच मिळत असे. पुढे ते अर्ज करून मिळू लागले, धारकांची संख्या वाढली आणि त्याच्यावरची पायरी रिकामी राहिली. दरम्यान, १९८० च्या दशकापासून, अतिश्रीमंत ग्राहकांना संस्था एक गुप्त काळे कार्ड देते अशी वदंता पसरली होती. ती खरी नव्हती, परंतु तिचा लाभ घेण्याचे आपण ठरवले, असे संस्थेच्या युरोपीय शाखेतील एका अधिकाऱ्याने पुढे सांगितल्याची नोंद आहे. वस्तूच्या आधी तिची अफवा बाजारात आली आणि मागणीचा अंदाज फुकटात मिळाला, असे उदाहरण वित्तव्यवसायात विरळा.

पात्रता : पात्रतेच्या अटी संस्थेने कधीही प्रसिद्ध केलेल्या नाहीत. वृत्तपत्रांतून प्रारंभीच्या काळात वर्षाला दीड लाख डॉलर, नंतर अडीच लाख डॉलर आणि अलीकडे त्याहूनही अधिक खर्चाची अट असल्याचे आकडे येत गेले. ते बहुतांशी धारकांच्या सांगण्यावरून आलेले आहेत व त्यांत देशपरत्वे तफावत आढळते. ज्यांना निमंत्रण आले त्यांनी किती खर्च केला होता हे अशा वृत्तांतून कळते. तेवढाच खर्च करूनही ज्यांना आले नाही त्यांची गणती कोठेच होत नाही, त्यामुळे या आकड्यांना किमान पात्रता मानणे धाडसाचे ठरेल.

तरीही संस्थेच्या व्यवसायाची घडण पाहता निवडीचा आधार काय असणार, याचे अनुमान करता येते. सर्वसाधारण कार्डव्यवहारात चार पक्ष असतात : धारक, त्याला कार्ड देणारी बँक, दुकानदार आणि दुकानदाराच्या वतीने पैसे वसूल करणारी बँक; या दोन बँकांना जोडणारे व्हिसा किंवा मास्टरकार्ड हे केवळ जाळे असते. अमेरिकन एक्सप्रेसच्या मूळ पद्धतीत कार्ड देणारी, वसूल करणारी आणि जाळे चालवणारी संस्था एकच असल्याने व्यवहाराची दोन्ही टोके तिच्या नजरेखाली येतात. ग्राहकाने किती खर्च केला याबरोबरच तो कोणत्या दुकानी, कोणत्या शहरी, किती वेळा आणि कोणत्या हंगामात केला, हेही तिला ठाऊक असते. शिवाय व्याजापेक्षा व्यापारी सवलत दरावर, म्हणजे दुकानदाराला मिळणाऱ्या रकमेतून कापून घेतलेल्या टक्केवारीवर, तिचे उत्पन्न परंपरेने अधिक अवलंबून राहिले आहे. अशा संस्थेला थकबाकी ठेवून व्याज भरणाऱ्या ग्राहकापेक्षा भरपूर खर्च करून वेळेवर बिल चुकवणारा ग्राहक प्रिय असणे ओघानेच आले. मुख्यतः प्लॅटिनम कार्डावरील जुने सदस्यत्व, सलग काही वर्षांचा मोठा खर्च आणि निर्दोष परतफेड हे तीन निकष बहुतेक वर्णनांत समान दिसतात. प्रवास व हॉटेलांवरील खर्चाला विशेष वजन असते, असेही म्हटले जाते. एखाद्या उद्योजकाने कंपनीची जाहिरातींची, कच्च्या मालाची किंवा विमानप्रवासाची बिले स्वतःच्या कार्डावर घेतली, तर त्याचे वैयक्तिक राहणीमान साधे असूनही तो या निकषांत बसू शकतो. म्हणून या कार्डाला संपत्तीचे प्रमाणपत्र समजणे चूक होय; ते उलाढालीचे चिन्ह आहे.

याउलट काही बँकांची निमंत्रणाधीन कार्डे ठेवींवर आधारलेली असतात. भारतात ॲक्सिस बँकेने २०१९ मध्ये सुरू केलेल्या ‘बर्गंडी प्रायव्हेट’ या सेवेसाठी ग्राहकाची बँकेकडील एकूण ठेव-गुंतवणूक पाच कोटी रुपयांची असावी, अशी अट उघडपणे सांगितली गेली आणि त्या सेवेचे कार्ड तिच्या सदस्यांपुरतेच ठेवण्यात आले. येथे ग्राहकाला आपण किती दूर आहोत हे मोजता येते. सेंच्युरियनच्या बाबतीत ते मोजता येत नाही आणि अटी गुप्त ठेवण्यामागे हाच हेतू असावा : उंबरठा जाहीर केला, तर ग्राहक तेथे पोहोचून थांबेल, जाहीर न केल्यास तो खर्च वाढवत राहील.

कायदेशीर बाजू : भारतीय रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आणि त्याच वर्षी १ जुलैपासून लागू झालेल्या क्रेडिट व डेबिट कार्डांविषयीच्या निदेशांनुसार ग्राहकाने न मागितलेले कार्ड देण्यास मनाई आहे, असे कार्ड संमतीविना चालू करून त्याचे बिल आकारल्यास ते रद्द करून आकारलेल्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. कार्ड दिल्यापासून तीस दिवसांत ग्राहकाने ते सुरू केले नसेल, तर एकवार-संकेतशब्दाद्वारे त्याची संमती घ्यावी लागते आणि ती न मिळाल्यास खर्चाविना खाते बंद करावे लागते. निमंत्रण म्हणजे कार्ड देणे नव्हे, त्यामुळे या मनाईचा निमंत्रणाला अडथळा होत नाही. मात्र त्याच निदेशांत अर्ज फेटाळल्यास त्याची विशिष्ट कारणे लेखी कळवण्याचे बंधन आहे आणि येथे एक लक्षणीय पोकळी दिसते. जेथे अर्जच नसतो तेथे नकारही नसतो. नकार नसल्याने कारण देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सामान्य कार्डासाठी अर्ज करून नाकारल्या गेलेल्या पगारदाराला जो खुलासा मागता येतो, तो वर्षाला कोटी रुपये खर्चून निमंत्रणाची वाट पाहणाऱ्याला मागता येत नाही. नियामकाने या भेदाची दखल घेतलेली दिसत नाही. हा ग्राहकवर्ग संरक्षणास पात्र आहे असे मानण्याचे कारणही कदाचित त्याला वाटले नसावे.

‘ब्लॅक कार्ड’ या नावावरून अमेरिकेत वाद झाला. ब्लॅक कार्ड एल्‌एल्‌सी या वेगळ्या कंपनीने व्हिसाच्या जाळ्यावर चालणारे आणि अर्ज करून मिळणारे कार्ड काढून त्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केली होती. अमेरिकन एक्सप्रेसने तिला आव्हान दिले आणि न्यूयॉर्क येथील संघीय जिल्हा न्यायालयाने २०११ मध्ये हे नाव केवळ वर्णनपर असल्याचे ठरवून नोंदणी रद्द करण्याचा निर्णय दिला. परिणामी लोकांच्या तोंडी रुळलेले हे नाव कोणाच्याच मालकीचे राहिले नाही.

गाजलेले व्यवहार : धारकांच्या खर्चाविषयी असंख्य आख्यायिका आहेत, त्यांपैकी फारच थोड्यांना लेखी आधार आहे. सर्वांत नीट नोंदला गेलेला व्यवहार शांघायचे संग्राहक लिउ यिचियान यांचा होय. एकेकाळी टॅक्सी चालवलेल्या आणि पुढे समभागांच्या व्यवहारांतून श्रीमंत झालेल्या लिउ यांनी एप्रिल २०१४ मध्ये सदबीज या लिलावसंस्थेच्या हाँगकाँग येथील विक्रीत मिंग राजवटीच्या छंगह्वा कालखंडातील (१४६५–८७) एक पेला २८.१२ कोटी हाँगकाँग डॉलरना, म्हणजे सुमारे ३.६ कोटी अमेरिकी डॉलरना विकत घेतला. पोर्सलिनचा हा चिमुकला पेला तळहातात मावतो. त्यावर कोंबडा, कोंबडी आणि दाणे टिपणारी पिले रंगवलेली असल्याने त्या प्रकाराला ‘कोंबडी-पेला’ म्हणतात व जगात त्याचे मोजकेच नमुने शिल्लक आहेत. जुलैमध्ये लिउ यांनी रक्कम चुकती केली, तेव्हा ती अमेरिकन एक्सप्रेस कार्डावर, कार्ड चोवीस वेळा यंत्रातून सरकवून, भरण्यात आली. त्यानंतर त्यांनी त्याच पेल्यातून चहा प्यायल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि चीनमध्ये त्यावर टीका झाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावात त्यांनी आमेदेओ मोदिल्यानी यांचे पहुडलेल्या विवस्त्र स्त्रीचे चित्र १७.०४ कोटी डॉलरना घेतले, तेव्हाही कार्डानेच पैसे भरण्याचा मानस असल्याचे वृत्त आले. अशा खर्चावर मिळणारे गुण विमानप्रवासासाठी वापरता येतात, याचा उल्लेख या प्रकरणी आवर्जून झाला. पूर्वनिश्चित मर्यादा नसलेल्या कार्डाची व्याप्ती किती असू शकते, याचा एवढा ठळक पुरावा दुसरा नाही.

शुल्क : अमेरिकेत प्रारंभी वार्षिक शुल्क १,००० डॉलर होते, ते पुढे २,५०० झाले आणि २०२० मध्ये ५,००० डॉलरवर गेले, प्रवेशशुल्क त्याच सुमारास १०,००० डॉलर झाले. इतर देशांत आकारणी भिन्न आहे.

कार्डाची वस्तू : प्रथम प्लॅस्टिकचे असलेले हे कार्ड २००६ च्या सुमारास टायटेनियम धातूचे करण्यात आले. नेहमीचे कार्ड मुदत संपल्यावर घरच्या कात्रीने कापून टाकता येते. धातूचे तसे कापता येत नाही, त्यामुळे ते विल्हेवाटीसाठी संस्थेकडे परत पाठवणेच सोयीचे ठरते. अलीकडे अमेरिकी चित्रकार किहिंडे वायली आणि डच वास्तुरचनाकार रेम कोलहास यांनी आखलेल्या आवृत्त्याही निघाल्या.

भारतात : अमेरिकन एक्सप्रेस भारतात १९२१ पासून आहे; सेंच्युरियन येथे २०१३ मध्ये आले. देयकांची माहिती केवळ भारतातच साठवावी, या रिझर्व्ह बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या आदेशाचे पालन न झाल्याने संस्थेला १ मे २०२१ पासून नवे देशी ग्राहक घेण्यास मनाई करण्यात आली. जुन्या ग्राहकांना तिची झळ लागली नाही. डायनर्स क्लबवरही त्याच वेळी अशीच कारवाई झाली. अमेरिकन एक्सप्रेसवरील मनाई २४ ऑगस्ट २०२२ रोजी उठली. निमंत्रण बहुधा जुन्या सदस्यांनाच जात असल्याने या सुमारे सोळा महिन्यांत वरच्या पायरीपेक्षा तिच्याकडे नेणाऱ्या खालच्या पायऱ्या बंद राहिल्या, असे म्हणता येईल. भारतातील धारकांची नावे गुप्त असली, तरी आयकर खात्याच्या दृष्टीने ती गुप्त राहत नाहीत. एका आर्थिक वर्षात दहा लाख रुपये वा अधिक रकमेची कार्डबिले रोखीव्यतिरिक्त अन्य मार्गाने चुकवल्यास कार्ड देणाऱ्या संस्थेला त्याची माहिती खात्याला द्यावी लागते.

सवलती : वैयक्तिक साहाय्यक, हॉटेलांच्या उच्च सदस्यश्रेणी, विमानतळांवरील विश्रामकक्ष इत्यादी.

धारकसंख्या : संस्थेने जाहीर केलेली नाही.

तत्सम कार्डे : जे. पी. मॉर्गन बँकेचे ‘रिझर्व्ह’ (पूर्वीचे ‘पॅलेडियम’) हे अमेरिकेतील प्रमुख उदाहरण होय. भारतात मुंबईस मुख्यालय असलेल्या एचडीएफसी बँकेचे ‘इन्फिनिया’ निमंत्रणाधीन म्हणवले जाते. त्याचे वार्षिक शुल्क अनेक वर्षे साडेबारा हजार रुपये अधिक कर इतके राहिले आणि वर्षभरात दहा लाखांचा खर्च झाल्यास ते माफ होई. बँकेच्या खालच्या श्रेणीच्या कार्डाचे ग्राहक शाखेत विनंती करूनही ते मिळवत असल्याने ‘निमंत्रण’ येथे पुष्कळसे औपचारिक आहे. स्टेट बँकेच्या कार्डकंपनीने २०२१ मध्ये ‘ऑरम’ हे धातूचे कार्ड याच धर्तीवर काढले.