गंज काढताना काय जातं?

(अंबड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय ऐकून काही जण मनात हसले असतील. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आता गंजावर बोलणार! पण जुनं लोखंड ज्याच्या घरात आहे त्याच्यापुढे हा प्रश्न येतोच. कुणाकडे वाड्याचं कुलूप असतं, कुणाकडे अडकित्ता, तर कुणाच्या गोठ्यात आजोबांच्या काळातला लोखंडी नांगर पडलेला असतो. त्याला दोनच वाटा उरतात. एक, भंगारवाला. तिथून ते जालन्याच्या भट्टीत जातं आणि त्याची सळई होते. दुसरी, आपणच हौसेनं ते तेजाबात बुडवतो. पहिल्या वाटेनं वस्तू जाते हे दिसतं. दुसऱ्या वाटेनंही ती जाऊ शकते, हे चटकन दिसत नाही.

आधी गंज म्हणजे काय ते बघू. लोखंड खाणीतून धातू म्हणून निघत नाही, ते प्राणवायूशी बांधलेलं खनिज म्हणून निघतं. कोळशाच्या आचेनं आपण ती गाठ सोडवतो. पण पाणी आणि हवा मिळाली की लोखंड पुन्हा गाठ बांधायला लागतं. म्हणजे गंजणं हे एका अर्थी माघारी जाणं आहे. तांब्यावरचा हिरवट थर बहुधा खालच्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत असतो. तो धातूपेक्षा जास्त जागा घेतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि पाणी आणखी आत शिरतं.

याला अपवाद दिल्लीचा लोहस्तंभ. सुमारे 1600 वर्षं तो उघड्यावर आहे. कानपूरच्या आयआयटीतले प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ, घट्ट थर तयार झाला आहे, असं त्यांनी दाखवलं. आता गंमत बघा. तो थरही गंजण्यातूनच आलेला आहे. स्तंभ 'स्वच्छ' करायचा म्हणून कुणी तो खरवडला, तर त्याचं चिलखतच निघून जाईल.

रसायनानं धातू उजळणं आपल्याला नवं नाही. चिंचेनं तांब्या घासणारी आजी टार्टारिक आम्लच वापरत होती, फक्त ते नाव तिला ठाऊक नव्हतं. आमच्या रसशास्त्राच्या ग्रंथांत तापवलेलं लोखंड त्रिफळ्याच्या काढ्यात पुन्हा पुन्हा विझवायला सांगितलं आहे. हेतू औषधाचा होता. पण हिरड्यात टॅनिन असतं आणि टॅनिन लोखंडाशी जुळून काळा, घट्ट पदार्थ तयार करतं. जुन्या लोखंडाच्या जतनासाठी आज जगभर टॅनिक आम्ल वापरतात, ते याच गुणामुळे. याच ग्रंथांत मंडूर येतं, म्हणजे लोखंडाचं जुनं कीट. शंभर वर्षांचं उत्तम, ऐंशीचं मध्यम, साठचं कनिष्ठ! जुनेपणालाच तिथे किंमत होती.

पश्चिमेत 1888 साली बर्लिनच्या संग्रहालयांनी फ्रीडरिश राटगेन नावाच्या रसायनतज्ज्ञाला नेमलं आणि जुन्या वस्तूंचं जतन हे प्रयोगशाळेचं काम झालं. 1906 साली इंग्लंडात टॉमस कॉस्लेट यांनी फॉस्फोरिक आम्लानं लोखंडावर संरक्षक थर चढवण्याचं पेटंट घेतलं. बाजारातल्या 'गंज बदलणाऱ्या' काळ्या द्रवांपैकी पुष्कळ त्याच वाटेचे आहेत.

आता आमची चूक सांगतो. आमच्याकडे एक जुनं लोखंडी कुलूप होतं. गंजातून दोन-तीन कोरलेली अक्षरं अंधूक दिसत होती. ती नीट वाचावी म्हणून आम्ही कुलूप रात्रभर मिठाच्या तेजाबात ठेवलं. सकाळी ते चकचकीत निघालं, पण अक्षरं गेली होती. किल्ली घातली तर आतली कमान कट्कन मोडली.

असं का झालं? कारणं दोन. खूप गंजलेल्या वस्तूत मूळ पृष्ठभाग बऱ्याचदा धातूवर राहिलेलाच नसतो. त्याची रेषा गंजाच्या थरातच टिकलेली असते. आमची अक्षरं गंजात होती आणि आम्ही गंजच विरघळवला. दुसरं, तेजाबातून सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ करतो. ओतीव लोखंडाची गत आणखी वेगळी. तेजाब लोखंड खातं आणि मागे काजळीसारखं ग्रॅफाइट उरतं.

मग काहीच करू नये का? तसं नाही. नांगर, विळा, अडकित्ता अशा वापरातल्या वस्तूंचा गंज जरूर काढावा. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व, पुरतं. वस्तू तासातासानं बाहेर काढून बघावी, ब्रशनं घासावी. नंतर सोड्याच्या पाण्यानं धुवावी, लगेच पूर्ण वाळवावी आणि तेल लावावं. मराठवाड्यातलं करडईचं तेल हवेत हळूहळू वाळून पातळ थर धरतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. आणि ज्यावर अक्षर, नक्षी किंवा जडावकाम आहे, जे जमिनीतून निघालं आहे, ते द्रवात घालूच नका. जुन्या पोलादी तलवारीच्या पात्यावर लाटांसारखी नक्षी असते. कारागिरानं ती हिराकशीसारख्या द्रव्यानं मोठ्या बेतानं उमटवलेली असते. आपलं एक दांडगं तेजाब ती पुसून टाकतं. अशा वस्तूचा फोटो काढा, ती कोरडी ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

'मिलिंदपञ्ह' ग्रंथात नागसेन राजाला विचारतो की रथ म्हणजे चाक का, आस का, दांडी का? वर्गात आम्ही हा प्रश्न कितीदा शिकवला. कुलूप म्हणजे काय, हे मात्र ते मोडल्यावर कळलं. चकाकी म्हणजे कुलूप नव्हे. घडवणाऱ्याचा घाव, वापरणाऱ्याचे हात आणि साचलेला काळ हे सगळं मिळून ते कुलूप होतं.

तेव्हा घरी गेल्यावर माळ्यावरची ती वस्तू खाली काढा. बाटली उघडण्याआधी भिंग घ्या आणि गंजात काही लिहिलेलं आहे का, तेवढं बघा. आमचं बघायचं राहून गेलं.