बौद्धिक दिव्यांगता आणि अपस्मार : संशोधन काय सांगते?

अपस्मार, म्हणजे आपल्याकडे ज्याला फेफरे, आकडी किंवा नुसते ‘फिट येणे’ म्हणतात तो विकार, जगभरात सुमारे ५ कोटी लोकांना आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे अनुमान आहे. योग्य निदान आणि नियमित औषधोपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या बाबतीत मात्र हे आशादायक चित्र बरेच बदलते. त्यांच्यात अपस्माराचे प्रमाण कितीतरी अधिक असते, तो औषधांना सहजी दाद देत नाही आणि त्याची लक्षणे सांगणारा रुग्ण स्वतः अनेकदा बोलू शकत नाही. गेल्या दोन-तीन दशकांतील संशोधनाचा, विशेषतः ब्रिटनमधील अभ्यासांचा, मुख्य निष्कर्ष असा की या रुग्णांचे बरेचसे हाल विकारापेक्षा दुर्लक्षातून उद्भवतात आणि म्हणूनच ते टाळता येण्याजोगे आहेत.

एक शब्द आधी स्पष्ट करायला हवा. ब्रिटनमध्ये ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ ही संज्ञा बौद्धिक दिव्यांगतेसाठी वापरली जाते. आपल्याकडे अध्ययन अक्षमता म्हटले की वाचन, लेखन वा गणित यांतील विशिष्ट अडचण अभिप्रेत असते. तिकडचे अहवाल वाचताना ही गल्लत टाळावी.

प्रमाण किती?

सर्वसाधारण लोकसंख्येत सक्रिय अपस्माराचे प्रमाण दर हजारी ४ ते १० असे धरले जाते. बौद्धिक दिव्यांग व्यक्तींविषयी अनेक ठिकाणी झालेल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण जॅनेट रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. त्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के, म्हणजे साधारणपणे दर पाच जणांत एक, असे आढळले. दिव्यांगतेची तीव्रता वाढते तसे हे प्रमाणही वाढते. सौम्य दिव्यांगतेत ते दहा टक्क्यांच्या आसपास असते, तर अतितीव्र दिव्यांगतेत निम्म्या व्यक्तींपर्यंत पोहोचते.

याचे कारण बहुधा दोन्हींच्या समान मुळात असते. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणे, मेंदूज्वर, मेंदूच्या घडणीतील दोष किंवा जनुकीय बिघाड यांमुळे एकाच वेळी बुद्धीचा विकास खुंटतो आणि झटकेही सुरू होतात. ट्यूबरस स्क्लेरोसिस, ड्राव्हे सिंड्रोम, लेनॉक्स-गॅस्टॉ सिंड्रोम ही त्याची ठळक उदाहरणे. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीला चाळिशीनंतर प्रथमच झटके येऊ लागले, तर ते अल्झायमर आजाराशी निगडित असू शकतात. त्यामुळे मूळ कारणाचा शोध घेणे ही केवळ शास्त्रीय जिज्ञासा ठरत नाही. ड्राव्हे सिंड्रोममध्ये कार्बामाझेपिनसारखी एरवी उपयुक्त औषधे झटके वाढवू शकतात, हे एकच उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे.

निदान का चुकते?

अपस्माराचे निदान मुख्यतः वर्णनावर उभे असते. झटका येण्यापूर्वी काय वाटले, शुद्ध कधी हरपली, नंतर काय झाले, हे रुग्ण आणि प्रत्यक्षदर्शी सांगतात आणि डॉक्टर त्यावरून अनुमान काढतात. रुग्णाला हे सांगताच येत नसेल, तर निदानाचा पहिला आधारच ढासळतो. मग चुका दोन्ही बाजूंनी होतात. क्षणभर शून्यात पाहत राहणे, ओठ चाटत राहणे, अचानक दचकणे ही झटक्याची लक्षणे ‘लक्ष नाही’, ‘हट्टी आहे’, ‘त्याची सवयच आहे’ म्हणून सोडून दिली जातात. उलटपक्षी, अंग डोलवणे, हात फडफडवणे किंवा भोवळ येणे यांना फिट समजून वर्षानुवर्षे नको ती औषधे दिली जातात.

ईईजी तपासणीही येथे एकटी निर्णायक ठरत नाही. डोक्याला तारा लावून स्वस्थ पडून राहणे अनेकांना जमत नाही. शिवाय मूळ मेंदूविकारामुळे आलेखात आधीच दोष दिसत असतो. अशा वेळी घरच्यांनी मोबाइलवर टिपलेले चित्रीकरण तज्ज्ञांना फार उपयोगी पडते.

वैद्यकशास्त्रात या दुर्लक्षाला एक नाव आहे : निदानावर पडलेली सावली. रुग्णाच्या प्रत्येक बदलाचे खापर त्याच्या दिव्यांगतेवर फोडले जाते आणि दातदुखी, बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग किंवा औषधाचा दुष्परिणाम यांपैकी खरे कारण शोधलेच जात नाही.

औषधांचा दुधारी परिणाम

इंग्लंडमधील लेस्टरशर येथे बौद्धिक दिव्यांग प्रौढांचे मोठे सर्वेक्षण झाले. त्यात सुमारे एक-चतुर्थांश व्यक्तींना अपस्मार होता आणि त्यांपैकी दोन-तृतीयांश व्यक्तींना औषधे चालू असूनही झटके येतच होते. झटके थांबले नाहीत की औषधांची संख्या वाढते आणि त्यांचे दुष्परिणामही वाढतात. फेनोबार्बिटोनमुळे गुंगी किंवा चिडचिड, लेव्हेटिरासिटाममुळे काही रुग्णांत आक्रमकता, फेनिटॉइनची मात्रा वाढल्यास चालताना तोल जाणे, तर फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन यांसारख्या औषधांच्या दीर्घ वापराने हाडे ठिसूळ होणे, हे परिणाम सुपरिचित आहेत. बोलता न येणारा रुग्ण ‘मला गरगरते’ असे म्हणत नाही. तो जेवण नाकारतो, ओरडतो किंवा कोपऱ्यात बसून राहतो. ते वागण्यातील बिघाड समजून त्यावर पुन्हा मनोविकाराचे औषध सुरू झाले, तर दुष्टचक्र पूर्ण होते. या अतिरेकी औषधयोजनेला आळा घालण्यासाठी इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०१६ साली ‘स्टॉम्प’ नावाची मोहीम हाती घेतली.

टाळता आले असते असे मृत्यू

ब्रिस्टल विद्यापीठाच्या पॉलिन हेस्लॉप यांच्या नेतृत्वाखाली नैर्ऋत्य इंग्लंडमधील बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या २४७ मृत्यूंची चौकशी झाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अहवालानुसार, सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत पुरुष सरासरी १३ वर्षे आणि स्त्रिया २० वर्षे आधी मरण पावत होत्या. चांगली वैद्यकीय सेवा मिळाली असती तर ३७ टक्के मृत्यू टळू शकले असते, असा निष्कर्ष चौकशीने काढला.

त्याच वर्षी, ४ जुलै २०१३ रोजी, ऑक्सफर्डच्या स्लेड हाउस या उपचार केंद्रात कॉनर स्पॅरोहॉक या १८ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. त्याला बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता आणि अपस्मार होता. आंघोळीच्या टबात एकटा असताना त्याला झटका आला आणि तो बुडाला. त्याला झटके येत असल्याची कल्पना आई सारा रायन यांनी कर्मचाऱ्यांना दिलेली होती. प्रारंभी हा मृत्यू नैसर्गिक कारणाने झाल्याचे सांगण्यात आले. २०१५ साली न्यायचौकशीतील ज्यूरीने मात्र निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. त्यानंतर झालेल्या स्वतंत्र तपासणीत दिसले की संबंधित संस्थेकडे झालेल्या बौद्धिक दिव्यांगांच्या अनपेक्षित मृत्यूंपैकी जेमतेम एक टक्का मृत्यूंची चौकशी झाली होती. मार्च २०१८ मध्ये न्यायालयाने कॉनर आणि आणखी एका रुग्णाच्या मृत्यूबद्दल संस्थेला एकूण २० लाख पौंड दंड केला. दरम्यान, २०१५ पासून इंग्लंडमध्ये अशा मृत्यूंचा आढावा घेणारा ‘लीडर’ हा कायमस्वरूपी कार्यक्रम सुरू झाला होता.

अपस्मारात अचानक, कोणतेही अन्य कारण न सापडता होणाऱ्या मृत्यूला ‘सुडेप’ म्हणतात. प्रौढ रुग्णांत त्याचे प्रमाण वर्षाला सुमारे हजारी एक असते. रात्रीचे झटके, औषधात खंड आणि अंग ताठरून येणारे मोठे झटके यांमुळे हा धोका वाढतो. कॉर्नवॉलमधील रोहित शंकर आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी एक सुरक्षा तपाससूची तयार केली. प्रत्येक भेटीत तिच्या आधारे धोक्याची उजळणी करावी आणि त्याविषयी कुटुंबाशी मोकळेपणाने बोलावे, असा तिचा उद्देश आहे.

शब्दांवाचून संवाद

उपचारांच्या चर्चेत खुद्द रुग्णाला कसे सामील करावे, हाही संशोधनाचा विषय झाला आहे. मनोविकारतज्ज्ञ शीला हॉलिन्स यांनी १९८९ पासून शब्दविरहित चित्रपुस्तकांची मालिका काढली. तिच्यातील एक पुस्तक अपस्मारावर आहे. झटका, दवाखाना, तपासणी, गोळ्या आणि पुन्हा सुरू होणारे नेहमीचे आयुष्य हे सारे त्यात केवळ चित्रांतून उलगडते. हर्टफर्डशर विद्यापीठाच्या संशोधकांनी ४० प्रौढांसह या पुस्तकाची प्राथमिक चाचणी घेतली. पुस्तकाचा गुण सिद्ध करण्याइतकी ती मोठी नव्हती. अशा व्यक्तींना सोबत घेऊन शास्त्रशुद्ध चाचणी करता येते का, हे तिला पाहायचे होते.

केंब्रिजच्या हॉवर्ड रिंग यांच्या चमूने ३१२ रुग्णांवर त्याहून मोठी चाचणी केली. विशेष प्रशिक्षित परिचारिकांमुळे झटक्यांची तीव्रता घटते का, हा तिचा प्रश्न होता. संपूर्ण गटात लक्षणीय फरक दिसला नाही. हा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारायला हवा : सदिच्छा पुरेशी नसते, कोणत्या रुग्णाला कोणत्या सेवेचा उपयोग होतो हे तपासूनच पाहावे लागते.

आपल्याकडील कायदा

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत बौद्धिक दिव्यांगतेचा समावेश आहे. अपस्माराचा मात्र त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. कायद्याच्या २५ व्या कलमाने दिव्यांगांना तपासणी व उपचारांत प्राधान्य देण्याची तरतूद केली आहे. सहावे कलम सांगते की सुगम मार्गाने समजावून घेतलेल्या स्वेच्छेच्या संमतीशिवाय आणि विशेष समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करता येणार नाही. त्या समितीत किमान निम्मे सदस्य दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे सदस्य असले पाहिजेत. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना बौद्धिक दिव्यांगांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते.

घरातील दक्षता

झटका आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवणे, मुठीत किल्ल्या देणे, दातांत चमचा घालणे यांपैकी कशाचाही उपयोग नाही. शेवटचा उपाय तर घातकच आहे. रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, घड्याळ पाहावे आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही देऊ नये. झटका पाच मिनिटांहून लांबला किंवा शुद्ध न येता दुसरा आला, तर तत्काळ १०८ वर संपर्क साधावा. अशा वेळी नाकात मारण्याचा मिडाझोलामचा फवारा घरी ठेवावा का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

न्हाणीघराला आतून कडी नसावी. विहीर, तळे, नदी, समुद्र आणि चूल यांच्याजवळ रुग्णाला एकटे सोडू नये. औषध मनाने बंद करू नये. झटक्याची तारीख, वेळ, कालावधी, झोप, ताप आणि औषधातील बदल यांची नोंद एका वहीत ठेवावी. ती वही आणि मोबाइलवरील चित्रीकरण प्रत्येक भेटीत सोबत न्यावे आणि ‘कोणते औषध कमी करता येईल?’ हा प्रश्न वर्षातून एकदा तरी विचारावा. बोलू न शकणाऱ्या रुग्णाची बाजू दवाखान्यात मांडणारी ती वहीच असते आणि कोणत्याही तज्ज्ञाला उपचारांची सुरुवात तिच्यापासूनच करावी लागते.