चिखलातला सामना आणि फ्रिट्झ पोलार्ड

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसं कुणी पाहत नाही. नाव फुटबॉल असलं तरी त्यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. तो काखेत घट्ट धरून, समोरची फळी भेदत पुढे सरकायचं, असा हा खेळ. तरीही त्यातल्या एका जुन्या सामन्याविषयी मला लिहावंसं वाटतं. कारण इतिहास माणसाला कसा विसरतो, हे त्यात दिसतं.

कॅलिफोर्नियातल्या पासाडेना शहरात नववर्षाच्या दिवशी फुलांच्या रथांची मिरवणूक निघते. १९०२ मध्ये तिच्या जोडीला महाविद्यालयीन फुटबॉलचा सामना ठेवला गेला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं लोळवलं. सामना इतका एकतर्फी झाला की आयोजकांनी फुटबॉलच बंद केलं. पुढे बरीच वर्षं तिथे घोड्यांच्या रथांच्या शर्यती चालल्या.

१ जानेवारी १९१६ रोजी फुटबॉल परत आलं. पूर्वेकडून ब्राऊन विद्यापीठ, पश्चिमेकडून वॉशिंग्टन स्टेट. आज 'रोझ बोल' म्हणून ओळखला जाणारा सामना तेव्हापासून दरवर्षी होतो. पण त्या दिवशी पाऊस पडला, मैदानाचा चिखल झाला आणि प्रेक्षकही कमी आले.

ब्राऊनच्या संघात फ्रिट्झ पोलार्ड हा शिकागोचा कृष्णवर्णीय तरुण होता. या सामन्यात खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. अंगकाठीने लहान, पण पायात वीज. धावता धावता अचानक दिशा बदलून समोरच्याला चकवणं हीच त्याची ताकद. अशा खेळाडूला कोरडी, घट्ट जमीन लागते. चिखलात पाय रुतले की वळणार कसं? त्याला पन्नास यार्डांचाही पल्ला गाठता आला नाही. मध्यंतरापर्यंत कुणाचाच गुण झाला नव्हता. उत्तरार्धात सरळ धडक देत खेळणाऱ्या वॉशिंग्टन स्टेटने १४-० असा विजय मिळवला.

त्याच वर्षीच्या पुढच्या हंगामात पोलार्डच्या ब्राऊनने येल आणि हार्वर्ड या दोन्ही बलाढ्य संघांना हरवलं. १९२० मध्ये तो अ‍ॅक्रन प्रोज या व्यावसायिक संघाकडून खेळला. त्या संघाने तेव्हाच्या नव्या लीगचं पहिलंच विजेतेपद पटकावलं. पुढच्याच वर्षी पोलार्ड खेळता खेळता त्या संघाचा प्रशिक्षकही झाला. हीच लीग पुढे एनएफएल झाली.

आणि त्याच एनएफएलमध्ये १९३४ पासून १९४५ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम कुठेच नव्हता. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. नियम लिहिलेला असला तर त्यावर बोट ठेवता येतं, त्याविरुद्ध दाद मागता येते. न लिहिलेल्या नियमाबद्दल विचारलं, तर समोरचा सहज म्हणतो, "असं काही नाहीच!" हा अनुभव घ्यायला अमेरिकेत जावं लागत नाही.

पोलार्डनंतर या लीगमध्ये कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक यायला १९८९ साल उजाडलं. पोलार्ड १९८६ मध्येच वारला होता. व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान दालनात त्याचं नाव लागलं २००५ मध्ये, मृत्यूनंतर १९ वर्षांनी.

पासाडेनाच्या चिखलात दोन्ही संघांचे पाय सारखेच रुतत होते. त्या हारजितीबद्दल म्हणूनच माझी तक्रार नाही. पुढच्या आयुष्यात मात्र पोलार्डला जी वाट तुडवावी लागली, ती इतरांच्या वाट्याला आली नव्हती. त्याच्या यशाचं मोजमाप करताना एवढं तरी आपण ध्यानात ठेवायला हवं.